मथुराकाकीचा कोरम

मथुरा धुरी ग्रामपंचायतीत पहिल्यांदा गेली ती सदस्य म्हणून, आणि तीही कोणाला दुसरं नाव सुचेना म्हणून. बायकांसाठी राखीव जागा तेव्हा नव्यानेच आल्या होत्या. व्हाळवाडीतून कोणाची बायको उभी करायची यावर पुरुषांचं तीन दिवस जमेना. शेवटी कोणीतरी म्हणालं, "धुऱ्यांची मथुरा. बोलणारी नाय, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिकाच घालूया." नवरा मुंबईला नोकरीत, पदरी लहान मुलगा, शिक्षण सातवीपर्यंत. सगळ्यांना ती सोयीची वाटली.

पहिल्याच बैठकीत ठरावांचं रजिस्टर फिरत फिरत तिच्यापुढे आलं. सही कुठे करायची ते शेजारच्याने बोट ठेवून दाखवलं. मथुरेने रजिस्टर मांडीवर ओढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ओळीखाली बोट धरून, सावकाश. पुढ्यातला चहा निवला तरी पाच पुरुष बघत राहिले.

"वहिनी, सगळां वाचूक बसलात तर सांज होतली."

"होवंदे," ती म्हणाली. "सही माझी आसा ना?"

पाच वर्षं तिने हेच केलं. पुढच्या निवडणुकीत तिचं नाव कोणी काढलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, पण सभेला जायची सवय काही सुटली नाही. सदस्य नाही तर नाही, ग्रामसभेला गावातल्या कोणालाही बसता येतं हे तिने त्या पाच वर्षांत वाचून ठेवलं होतं. नवरा गेला, मुलगा मंगेश मुंबईला लागला, त्याचं लग्न झालं. मथुराची मथुराकाकी झाली. पण वर्षातून चार वेळा, नोटीस लागली की ती घरचं आवरून, स्वच्छ लुगडं नेसून शाळेच्या वर्गात जाऊन बसायची. लहान मुलांच्या बाकावर, पहिल्या रांगेत.

पाटखोल हे मालवणापासून पंधरा-सोळा किलोमीटर आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पोटाशी वसलेलं गाव. मतदार साडेअकराशे. सभेचा कोरम भरायला शंभर माणसं लागत. इतक्या वर्षांत तिशीच्या वर आकडा गेलेला तिने पाहिला नव्हता. कोरम नाही म्हणून सभा तहकूब व्हायची, आणि कायद्याची गंमत अशी की तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमच लागत नाही. मग आठ दिवसांनी सातजण बसायचे आणि साडेअकराशे माणसांचं ठरवून टाकायचे. त्या सातांत सहा पंचायतीचे असत. सातवी मथुराकाकी.

तिने माणसं गोळा करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सभेच्या आधी दोन दिवस ती वाड्यावाड्यांतून फिरायची. कोणाचे काजू गोळा करायचे असायचे, कोणाची लावणी, कोणाचा मुलगा गोव्याहून आलेला. "तू जातस ना गो, आमचापण सांग," असं म्हणून बायका तिच्या हातावर चार कोकमं किंवा एखादा फणसाचा गरा ठेवायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. पुरुष हसायचे. तिला 'कोरमकाकी' म्हणायचे, तेही तोंडावर.

मग पंचायतीत तेजस्वी आली. ग्रामसेविका, कोल्हापूरकडची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. तालुक्याला लोकसहभागाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती आणि तिथलं सगळं तिने खरं मानलं होतं. रिकाम्या बाकांकडे पाहून तिचा चेहरा पडायचा. मथुराकाकीला ती पोर आवडली. आपण वाचतो तसं वाचणारं दुसरं कोणीतरी पंचायतीत आलं, असं तिला वाटलं.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या सभेला एकोणीस माणसं होती. तहकूब करायची वेळ आली तशी मथुराकाकी उभी राहिली.

"यादीतली अर्धी माणसां मुंबैक," ती म्हणाली. "हय रवलेत ते म्हातारे नायतर रोजावर जाणारे. शंभर होतले खंयसून? सगळे गाव एकदाच भरता, गणपतीत. मगे एक सभा गणपतीतच घेवा. विशेष सभा घेवक येता, म्याडमांका विचारा."

सरपंच दत्तप्रसाद हसला. "काकी, गणपतीत लोक आरती करतले काय सभा?"

मागच्या बाकावर भाई बसला होता. भाई म्हणजे माजी सरपंच, चार डंपरांचा मालक; पंचायतीत आता त्याला कुठलं पद नव्हतं आणि लागतही नव्हतं. तो हसला नाही.

"काकी," तो म्हणाला, "परत एकदा सांगा बघू."

काकीने पुन्हा सांगितलं. भाईने मान डोलावली. "बरोबर बोलतत त्या," तो दत्तप्रसादला म्हणाला. "लिवन घे."

इतक्या वर्षांत त्या वर्गात कोणी काकीला 'बरोबर' म्हटलं नव्हतं. घरी जाताना ती शेजारच्या अक्काला हे दोनदा सांगून मोकळी झाली.

मे महिन्यापासून ती कामाला लागली. तेजस्वीने मतदारयादीची एक प्रत तिला दिली. काकीने घराघरांतून मुंबईच्या लोकांचे फोन नंबर जमवले आणि रोज दुपारी, नेटवर्क येतं तेवढ्या आंब्याच्या बुंध्याशी उभी राहून पाच-सहा जणांना फोन लावले. "अरे, दोनच तास काढ. तुझ्याच गावाचा ठरूचा आसा." कोणी ओळख द्यायचा, कोणी नाही. तिने कोणाला सोडलं नाही.

"काकी, शंभर येतील का हो?" तेजस्वी विचारायची.

"येतले. माझ्यार सोडा, म्याडम."

सभेची नोटीस सात दिवस आधी लागली. काकीने ती नेहमीप्रमाणे उभ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. रस्त्यावरचे दिवे, शाळेचं छप्पर, पाण्याची टाकी. सहावा विषय होता: गावच्या सामाईक सड्यावर जांभ्या चिऱ्याच्या खाणीसाठी ना-हरकत देणे. अर्जदार म्हणून भाईच्या मेहुण्याचं नाव होतं.

अक्का तिच्या शेजारी उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण काकीचा चेहरा वाचता येत होता. "काय गो? काय लिवलेला आसा?"

काकीने सांगितलं. सडा म्हणजे काय हे अक्काला सांगायची गरज नव्हती. पावसाळाभर त्या कातळात मुरलेलं पाणी खाली व्हाळवाडीत झरीतून येतं. बारा महिने. त्या झरीवर वाडी पाणी पिते, आणि भात कापून झाल्यावर जानेवारीत दुसऱ्यांदा लावतात ते वायंगणही तिच्याच पाटावर पिकतं.

"आता काय करतलस?"

"बरा झाला," मथुराकाकी म्हणाली. खरंच तिला बरं वाटलं होतं. "तहकूब सभेत सातजणांनी गपचूप पास केल्यानी असता तर कोणाक कळला असता? आता सगळ्या गावासमोर येतला. गाव नाय म्हणतला."

गणपतीच्या दोन दिवस आधी मुंबईहून गाड्या आल्या. रेल्वेची तिकिटं कोणाला मिळाली नव्हती. भाईने सहा बसेस केल्या होत्या. फुकट. प्रत्येक बसला पुढे त्याचा हात जोडलेला फोटो आणि 'पाटखोलवासीयांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा'. बसमध्ये पाण्याच्या बाटल्या, वडापाव, उतरल्यावर घरापर्यंत सामान न्यायला टेम्पो. मंगेश बसने आला नाही. त्याने त्याच वर्षी गाडी घेतली होती. पण व्हाळवाडीला रस्ता नव्हता, त्यामुळे नवी गाडी एक किलोमीटरवर, हमरस्त्याकडेच्या फणसाखाली उभी करून, बायको किशोरी आणि कडेवरच्या मुलीला घेऊन, बॅगा डोक्यावर मारून त्याला चिखलातून चालत यावं लागलं. रात्री दोनदा तो बॅटरी घेऊन गाडी बघायला गेला. फणस पडेल टपावर, म्हणाला. भाद्रपदात फणस कुठला पडतो, पण काकीला हसू आलं. मुलगा आला होता, घरात आरती होती, सभेला आठवड्याभराचाही अवकाश नव्हता. तिला त्या दिवसांत सगळंच गोड वाटत होतं.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सभा भरली. शाळेचा वर्ग पुरला नाही. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या घातल्या, तरी माणसं पायऱ्यांवर उभी. तेजस्वी हजेरीची वही घेऊन दाराशी बसली होती. शंभरावी सही झाली तेव्हा तिने मान वर करून काकीला शोधलं आणि हात हलवला. दोनशे छत्तीस सह्या झाल्या. मथुराकाकी पुढे बायकांत बसली होती. तिने एकदा मागे वळून सगळा मंडप पाहिला आणि पदराने डोळे टिपले.

पहिले पाच विषय अर्ध्या तासात आटोपले. मग भाई उठला. माईक हातात घेऊन त्याने आधी रवळनाथाला नमस्कार केला.

"आज पाटखोलात पहिल्यांदा कोरमची सभा भरली," तो म्हणाला. "ती कोणामुळे? आमच्या मथुराकाकींमुळे. त्यांनी सुचवलं म्हणून आपण आज इथे आहोत. टाळ्या!"

टाळ्या जोरात झाल्या. मग तो सहाव्या विषयाकडे वळला. खाण झाली तर गावातल्या पोरांना काम. डंपर जायचे म्हणजे रस्ता हवाच, तेव्हा हमरस्त्यापासून सड्यावरून थेट व्हाळवाडीपर्यंत डांबरी रस्ता तो स्वतः करून देणार. देवळाला नवा सभामंडप, चिरे फुकट. "आता कोणाचां काय म्हणणां आसात तर बोला. सभा तुमची आसा."

काकी उभी राहिली. माईक तिच्याकडे यायला वेळ लागला, आणि आल्यावर तो चालू कसा करायचा ते कळेना. ती तशीच बोलली.

"सड्यार पडलेला पाणी आमच्या झरीक येता. शिमग्यानंतर वाडीतल्या सगळ्या विहिरी सुकतत, ती एकच झर रवता. कातळ कापलो काय ता पाणी खंय जातला, सांगा कोणीतरी. रस्तो होयो, माकापण होयो. पण रस्तो पिवक येणा नाय."

तेवढ्यात मागून अर्ध्या चड्डीतला एकजण उठला. काकीने त्याला ओळखलं. त्याला तिने तीन वेळा फोन केला होता. "काकी, प्रत्येक गोष्टीला विरोध केला तर गाव पुढे जाणार कसा?" तो म्हणाला. "आम्ही वर्षातून आठ दिवस येतो, तेही चिखल तुडवत." हशा झाला. कोणीतरी शिट्टी वाजवली. दुसरा म्हणाला, पाण्याचं काय, सरकारची नळयोजना येतेच आहे. तिसऱ्याने दुपारच्या जेवणाची आठवण केली.

दत्तप्रसादने हात वर करायला सांगितले.

काकीने आधी आपल्या वाडीकडे पाहिलं. भाईच्या डंपरावर जाणारी दोन पोरं होती, त्यांचे हात गेले ते तिला समजलं. मग तिची नजर खांबाशी उभ्या असलेल्या मंगेशवर गेली. त्याने हात पुरता वर केला नव्हता. कोपर दुमडून, पंजा कानाजवळ, केस खाजवत असल्यासारखा. पण तेजस्वी मोजत मोजत त्याच्यापाशी आली तेव्हा त्याने तो खाली घेतला नाही. तिने मोजला. किशोरी बायकांत मांडीवरच्या मुलीला थोपटत होती. तिने दोन्ही वेळा हात मुलीच्या अंगावरून काढला नाही.

बाजूने एकशे एक्याऐंशी. विरोधात तेवीस. त्यात व्हाळवाडीच्या बायका आणि दोन म्हातारे.

घरी नैवेद्य झाला, पानं वाढली. मंगेश मान खाली घालून जेवत होता.

"आये, तू हय एकटी रवतस," तो म्हणाला. "रात्री-अपरात्री काय झाला तर अॅम्ब्युलन्स खंयसून येतली? ह्याच्यासाठी केलंय मी."

"माझ्यासाठी केलंस?"

"मगे कोणासाठी?"

"गाडीसाठी," काकी म्हणाली आणि त्याच्या पानात आमटी वाढली.

तो जेवण टाकून उठला नाही. ते तिला जास्त लागलं. चुकलं म्हणून तरी उठला असता, रागाने तरी उठला असता. त्याने भात कालवला आणि संपवला. अनंत चतुर्दशीच्या आधीच सहाही बसेस भरून गेल्या. त्यांच्यामागून मंगेशची गाडी गेली.

काकी हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने तेवीसजणांच्या सह्यांचा अर्ज केला आणि दोनदा एस.टी. बदलून वरच्या एका कार्यालयात गेली. तिथले साहेब सज्जन होते. बसायला खुर्ची दिली, अर्ज वाचला.

"बाई," ते म्हणाले, "तहकूब सभेचा ठराव असता तर मी काहीतरी शंका काढली असती. पण हा भरलेल्या ग्रामसभेचा ठराव आहे. दोनशे छत्तीस उपस्थिती. चित्रीकरणसुद्धा जोडलंय. लोकांनीच ठरवलंय, त्यात मी कोण?"

त्यांनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. पडद्यावर सभामंडप दिसत होता. त्यात ती स्वतः उभी होती, हातवारे करत बोलत होती. आवाज मात्र येत नव्हता. माईक बंद होता ना तिचा. नुसतं तोंड हलत होतं. मग हशा आणि शिट्टी ऐकू आली, कारण तोवर माईक दुसऱ्याकडे गेला होता.

दिवाळी झाली आणि खाण सुरू झाली. दिवसभर वर मशीनची करवत ओरडायची आणि व्हाळवाडीच्या छपरांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर तांबडी धूळ बसायची. रस्ता झाला, खाणीपर्यंत. तिथून खाली वाडीपर्यंतचा तुकडा 'दुसऱ्या टप्प्यात' होता. पुढच्या पावसाळ्यात वरची माती वाहून शेतांत आली. चार चोंढ्यांत, खालच्या भातखाचरांत, लावणीच करता आली नाही. त्यानंतरच्या फेब्रुवारीत झर बारीक झाली. मार्चमध्ये तिच्या तोंडाशी नुसती ओल राहिली. लावलेलं वायंगण पोटऱ्यात येण्याआधी जळालं. काकीने ते गाईला कापून घातलं.

नळयोजनेचा पाइप वाडीत आला होता. त्यात पाणी नव्हतं, कारण योजनेच्या पाण्याचा उद्भव म्हणून कागदावर तीच झर दाखवली होती.

याच सुमारास तेजस्वी एका दुपारी घरी आली. तिची बदली झाली होती, पण त्याआधी एक काम होतं. लोकसहभागासाठी जिल्ह्यातली काही गावं निवडली होती, त्यात पाटखोल होतं. प्रशिक्षणात पाटखोलची सभा उदाहरण म्हणून सांगत होते. काकीने तिथे येऊन चार शब्द बोलावे, असं वरून आलं होतं.

"तुम्हीच तर घडवलीत ती सभा," तेजस्वी म्हणाली आणि बोलता बोलता रडायला लागली. "मला वाटलं होतं काकी, लोक आले की सगळं नीट होईल. आम्हाला तसंच शिकवलं."

काकीने तिला पाणी दिलं. ते पाणी तिने सकाळी दीड किलोमीटरवरून आणलेल्या दोन कळशांतलं होतं. पेला अर्धाच भरला होता, आणि तेजस्वीने ते पाहिलं.

"चाय ठेवली असती," काकी म्हणाली. "पण नको आता. तुमची एस.टी. चुकतली."

ती प्रशिक्षणाला गेली नाही. पुढच्या सभेची नोटीस लागली ती तिने वाचली नाही. पहिल्यांदाच. दत्तप्रसादने म्हणे विचारलं, "काकी खंय?" आणि कोणीतरी म्हणालं, "आता कोरमाची गरज नाय तिका."

गाय विकल्यावर घरात करण्यासारखं काही राहिलं नाही. मंगेश मुंबईला बोलवत होता. ती गेली नाही. बासष्टाव्या वर्षी ती दोन गावं पलीकडच्या काजूच्या कारखान्यात जायला लागली. तीस-पस्तीस बायका ओळीने बसून काजू फोडतात. टरफलातल्या तेलाने बोटं काळी पडतात, कातडी निघते. बायका हाताला राख चोळतात. काकीची बोटं पंधरा दिवसांत काळी झाली. जेवताना ती डाव्या-उजव्या दोन्ही हातांकडे बघत नसे.

परवा तिथे जेवणाच्या सुट्टीत पूजा नावाची एक तरणी बाई तिच्याजवळ येऊन बसली. तिच्या गावातही सड्यावर खाण येणार होती. बचत गटाच्या बायकांनी ठरवलं होतं की ग्रामसभा भरवायची आणि हाणून पाडायची. कोणीतरी तिला सांगितलं होतं, पाटखोलच्या मथुराकाकीला विचार, तिला सभेचं सगळं कळतं.

"काकी, माणसां कशी गोळा करूची?" पूजाने विचारलं. तिने वही आणली होती.

काकी डबा उघडत होती ती थांबली. आजूबाजूच्या बायकाही ऐकायला सरकल्या. तीस वर्षं ती घरोघर जाऊन हेच सांगत आली होती आणि कोणी ऐकायला बसलं नव्हतं. आता सात-आठजणी बसल्या होत्या.

"तुमच्या गावची माणसां रवतत खंय?" तिने विचारलं.

"काय हय, काय मुंबैक, काय गोव्याक. कित्याक?"

"त्या सड्याचा पाणी पितत ती किती, ती पयली मोजा."

पूजाने पेन उघडलं. "आणि मगे?"

मथुराकाकीने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर तेजस्वीच्या चेहऱ्यावर असायचा तसलाच विश्वास होता.

"मगे माका माहीत नाय गो," ती म्हणाली. "खरांच माहीत नाय."

पूजाने पेन मिटलं. मग मुकादमाने आवाज दिला, आणि बायका उठून आपापल्या जागेवर गेल्या. काकीने डबा न खाताच झाकला, बोटांना राख चोळली आणि पुढ्यातला काजूचा ढीग जवळ ओढला.